चांगलं मरण, पण कुणाच्या मापाचं?

विषय ऐकून काहीजण लगेच पुढच्या भागावर उडी मारतील, म्हणून आधीच सांगून टाकते. आज मरणाबद्दल बोलायचंय. घाबरवणारं काही नाही. म्हातारपणी, आजार आता बरा होणार नाही हे कळल्यावर जे काही महिने किंवा आठवडे उरतात, त्यात माणसाची काळजी कशी घ्यायची आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी का येत नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो बघायचाय नर्सेसच्या नजरेतून. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. रात्री तीन वाजता पेशंट "मला घरी कधी सोडणार?" असं विचारतो तेव्हा समोर नर्सच असते. त्यामुळे या विषयातले बरेचसे अवघड प्रश्न आधी तिच्याच पदरात पडतात.

गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. एक तर तिथे कुणाला काय मिळालं याचे आकडे वंशानुसार, वस्तीनुसार ठेवले जातात, त्यामुळे फरक लपत नाही. दुसरं म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची माणसं तिकडे आहेत. नातवंडं सांभाळायला म्हणून गेलेले आणि मग तिथेच राहिलेले आजी-आजोबा न्यू जर्सीत काय कमी आहेत? त्यांच्यापर्यंत येऊच.

सुरुवात एका इंग्लिश नर्सपासून. सिसली सॉन्डर्स. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये नर्सिंग शिकल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या पेशंटच्या वेदनेकडे कुणी गंभीरपणे बघत नाही हे दिसल्यावर चक्क डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९५७ मध्ये, तिशी उलटून गेल्यावर, झाल्याही. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं असतं, घरच्यांच्या काळजीचं असतं, पैशाचं असतं, देवाशी अर्धवट राहिलेल्या भांडणाचंही असतं, आणि हे सगळं एकत्रच सोसावं लागतं.

१९६३ मध्ये सॉन्डर्स अमेरिकेत येल विद्यापीठात बोलायला गेल्या. ऐकणाऱ्यांत तिथल्या नर्सिंग स्कूलच्या डीन होत्या, फ्लॉरेन्स वॉल्ड. त्या इतक्या हलल्या की काही वर्षांत डीनपद सोडलं, लंडनला जाऊन सॉन्डर्सकडे काम शिकल्या, आणि परत येऊन हॉस्पिटलात मरणाऱ्या पेशंटचा अभ्यास सुरू केला. त्यांना नेमकं काय सांगितलं जातं, ते काय विचारतात, कुणाला विचारतात. मग १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. तेही आधी इमारत म्हणून नाही, तर घरी जाऊन दिलेली सेवा म्हणून. हे लक्षात ठेवा. अमेरिकेत हॉस्पिस म्हटलं की बहुतेक वेळा ती जागा नसते. नर्स, डॉक्टर, समाजसेवक, धर्मगुरू असा चमू तुमच्या घरी येतो. रोगाशी लढाई थांबलेली असते आणि सगळं लक्ष त्रास कमी करण्यावर असतं.

१९८२ मध्ये सरकारने कायदा केला आणि ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मेडिकेअरमधून, या सेवेचे पैसे मिळू लागले. फुकट सेवा, घरपोच नर्स, औषधं, खाट. आता यात अडचण कसली?

अडचण अटींमध्ये आहे. आजार आपल्या वाटेने गेला तर सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. आणि पेशंटने सही करायची की या आजारावर बरं होण्यासाठीचे उपचार मी आता मेडिकेअरकडे मागणार नाही. शिवाय कागदावर ठळक लिहिलेली नसली तरी एक तिसरी गोष्ट गृहीत धरलेली आहे. घर असावं आणि घरात दिवसरात्र सोबत करणारं कुणीतरी असावं. नर्स रोज येऊन बसत नाही, ती भेट देऊन जाते. बाकीचे तास घरच्यांचे.

शिंप्याकडे कपडा शिवायला टाकला की तो कुणाच्यातरी मापाचा होणार ना? ही सेवा कुणाच्या मापाची आहे बघा. ज्याचं स्वतःचं घर आहे, ज्याची बायको किंवा मुलगी सुट्टी काढू शकते, जो डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि ज्याला "माझा निर्णय मी घेणार" असं म्हणायची सवय आहे. मुद्दाम कुणाला वगळायचं म्हणून हे माप घेतलं नव्हतं. पण वगळलं गेलंच.

मेडिकेअरवर असलेल्या आणि मरण पावलेल्या गोऱ्या ज्येष्ठांपैकी साधारण निम्म्यांना हॉस्पिस सेवा मिळालेली असते. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई वंशाच्या ज्येष्ठांत हे प्रमाण गेल्या काही वर्षांत शंभरात साधारण पस्तीस ते चाळीसच्या आसपास राहिलंय. ज्यांना मिळते त्यांनाही उशिरा मिळते. सहा महिन्यांची सोय आहे, पण निम्मे लोक अडीच-तीन आठवड्यांपेक्षा कमी काळ या सेवेत असतात. म्हणजे नर्सची ओळख होते न होते तोच माणूस जातो.

बरं, तुम्ही म्हणाल, ज्याची त्याची पसंती. काही लोकांना शेवटपर्यंत लढायचं असतं. हो, असतं. अनेक पाहण्यांत कृष्णवर्णीय ज्येष्ठांनी शेवटपर्यंत उपचार मागितल्याचं दिसतं. पण "त्यांची संस्कृतीच तशी" म्हणून मोकळं होणं मला फार सोयीचं वाटतं. त्याआधी दोन गोष्टी ऐका.

पहिली औषधाच्या दुकानाची. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्क शहराचा एक अभ्यास आला. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनच्या वर्गातली औषधं पुरेशी किती दुकानांत मिळतात, एवढंच पाहिलं होतं. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या भागांत १०० पैकी ७२ दुकानांत ती होती. गोरे कमी असलेल्या भागांत, २५. आता कल्पना करा, नर्सने घरी येऊन वेदनेचं मोजमाप केलं, डॉक्टरने चिठ्ठी लिहिली, मुलगी चिठ्ठी घेऊन निघाली आणि चारपैकी तीन दुकानांतून हात हलवत परतली. आई रात्रभर कण्हतेय. पहाटे ती ॲम्ब्युलन्स बोलावणार की नाही? आणि मग नोंद काय होणार, तर "कुटुंबाने हॉस्पिटलातले उपचार पसंत केले."

दुसरी गोष्ट विश्वासाची. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना हे धड सांगितलं नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे सिद्ध झालं, तरी ते दिलं नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. आणि त्यांना धरून ठेवलं कसं, तर तपासणीच्या दिवशी जेवण, गाडीतून ने-आण, आणि मेल्यावर अंत्यसंस्काराचा खर्च. बदल्यात शवविच्छेदनाला परवानगी. या सगळ्यांना वर्षानुवर्षं जोडून ठेवणारी व्यक्ती होती युनिस रिव्हर्स. त्यांच्यातलीच, कृष्णवर्णीय, सगळ्यांच्या ओळखीची, प्रेमाने विचारपूस करणारी. नर्स.

नर्सिंगच्या इतिहासातलं हे पान अवघड आहे. नर्सवर लोक विश्वास ठेवतात असं आपण कौतुकाने म्हणतो, आणि इथे तोच विश्वास वापरला गेला. त्या भागातल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजोबांसमोर आज कुणी कागद धरला, "बरं होण्याचे उपचार थांबवतो अशी इथे सही करा", तर त्यांनी हात मागे घेतला म्हणून आपण त्यांना अडाणी म्हणायचं का?

आता याच अलाबामात झालेलं एक काम, जे मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आवडतं, कारण ते गुळगुळीत नाही. मेरी बाकितास या नर्स-संशोधक. त्यांनी आधी न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या उत्तरेकडच्या ग्रामीण राज्यांत एक कार्यक्रम उभा केला. कल्पना साधी. गावाकडच्या पेशंटला मोठ्या हॉस्पिटलापर्यंत येणं जमत नाही, पण फोन सगळ्यांकडे असतो. म्हणून प्रशिक्षित नर्सने फोन करायचा. सुरुवातीला आठवड्याला एक असे चार सविस्तर फोन, मग महिन्याला एक. त्रास कसा आटोक्यात ठेवायचा, घरच्यांशी आणि डॉक्टरांशी कसं बोलायचं, पुढे काय काय ठरवावं लागेल. ॲप नाही, व्हिडिओ नाही, साधा फोन. पुढारलेला कॅन्सर असलेल्या ३२२ पेशंटवर रीतसर चाचणी झाली आणि २००९ मध्ये निकाल आला. ज्यांना नर्सचे फोन जात होते त्यांचं जगणं बाकीच्यांपेक्षा बरं होतं, मन कमी खचलेलं होतं. त्या काळात हे मोठंच यश होतं.

पण न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट ही अमेरिकेतली बहुतांश गोरी राज्यं. बाकितास पुढे अलाबामाला, बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात गेल्या, आणि तिथे हृदय निकामी होत चाललेल्या ४१५ पेशंटबरोबर नर्सच्या फोनचं हे काम सुरू झालं. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. आधी एकदा तज्ज्ञांची भेट, मग दर आठवड्याला नर्सचा फोन. २०२० मध्ये निकाल छापून आला. जगण्याचा दर्जा आणि मनःस्थिती या मुख्य मोजमापांत सोळा आठवड्यांनी ठळक फरक पडला नव्हता. वेदना मात्र कमी झाल्या होत्या.

यावरून "कृष्णवर्णीयांना हे चालत नाही" असा निष्कर्ष काढू नका. आजार वेगळा होता. कॅन्सर आणि हृदयविकाराची चाल वेगळी असते, हृदयाचा पेशंट महिनोन्‌महिने वरखाली होत राहतो. शिवाय हे पेशंट सुरुवातीला तसे बऱ्या स्थितीत होते, मग सुधारणा दिसायला जागा किती? पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की निकाल झाकून ठेवला नाही. एका ठिकाणी यशस्वी झालेली चांगली गोष्ट दुसरीकडे जशीच्या तशी उगवेल असं धरून चालायचं नाही, तिथे पुन्हा मोजायचं. आणि वेदनेतला फरक छोटा समजू नका. औषधाच्या दुकानाची गोष्ट आठवा. या लोकांच्या वाट्याला नेमकं तेच कमी येत होतं.

नर्सने विचारलं, समजून घेतलं, तरी पुढे काही घडेलच असंही नाही, हेही सांगायला हवं. १९९५ मध्ये एक प्रचंड मोठा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच हॉस्पिटलं, हजारो गंभीर पेशंट. खास शिकवलेल्या नर्सेस पेशंटची इच्छा समजून घ्यायच्या आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. निकाल? काहीच बदललं नाही. तितक्याच वेदना, आयसीयूत तितकेच दिवस. निरोप पोचवणारीच्या हातात निर्णय नसेल तर निरोपाचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. नोकरी करणाऱ्यांना तर नक्कीच नको!

आता आपल्या आजी-आजोबांकडे वळू. त्याच १९९५ साली लॉस एंजेलिसमधली एक पाहणी आली. लेस्ली ब्लॅकहॉल आणि सहकाऱ्यांची. ती नर्सिंगची नव्हती, पण आज या विषयात शिकणारी प्रत्येक नर्स ती वाचते. ६५ वर्षांवरचे ८०० ज्येष्ठ, चार समाजांतले प्रत्येकी २००. प्रश्न असा की पसरलेला कॅन्सर झाला असेल तर पेशंटला ते सांगावं का? युरोपीय वंशाच्या गोऱ्यांपैकी ८७ टक्के हो म्हणाले. कृष्णवर्णीयांपैकी ८८ टक्के. मेक्सिकन वंशाच्यांपैकी ६५ टक्के. आणि कोरियन वंशाच्यांपैकी ४७. म्हणजे निम्म्याहून अधिक कोरियन आजी-आजोबांना वाटत होतं की हे ओझं पेशंटवर टाकू नये, घरच्यांनी वाहावं.

ओळखीचं वाटलं ना? "बाबांना सांगू नका हं, ते खचतील." आपल्याकडे हॉस्पिटलच्या जिन्यात, लिफ्टपाशी, डॉक्टरांच्या दारात हे वाक्य रोज बोललं जातं. मोठा मुलगा फाइल घेऊन आत जातो, बाबा बाहेर बाकावर. तेच कुटुंब एडिसनला राहायला गेलं की गंमतच होते. डॉक्टर सरळ बाबांकडे बघून इंग्रजीत सगळं सांगतात, कारण तिथल्या पद्धतीत पेशंटपासून लपवणं गैर. मुलगा दुभाषा होतो आणि मराठीत सांगताना कॅन्सर हा शब्दच गाळतो. "बाबा, जरा गाठ आहे, औषध देतील." बाबा मान हलवतात. डॉक्टरांना वाटतं, सांगून झालं. मुलाला वाटतं, निभावलं. बाबांना काय वाटलं?

कदाचित सगळं कळलेलं असतं. म्हातारी माणसं चेहरे वाचतात. आणि कदाचित बाबांना गावच्या घराची कागदपत्रं मार्गी लावायची असतात, धाकट्या भावाशी दहा वर्षं न बोललेलं बोलायचं असतं, आणि तेवढा वेळ आहे का हेच त्यांना कळलेलं नसतं.

यावर अनुभवी नर्सेस जी वाट काढतात ती मला फार शहाणी वाटते. सत्य लादायचं नाही, लपवायचंही नाही. आधी देऊ करायचं. रिपोर्ट हातात येण्याआधीच पेशंटला विचारायचं: "काही जणांना आपल्या आजाराचं सगळं जाणून घ्यायचं असतं. काहींना वाटतं, घरच्यांशी बोला, ते बघतील. तुम्हाला कसं आवडेल?" मग बाबा म्हणाले, "माझ्या थोरल्याशी बोला," तर तोही त्यांचाच निर्णय झाला. आणि म्हणाले, "मला सांगा, पण हिच्यासमोर नको," तर तेही कळलं. कोरियन म्हणजे असे, भारतीय म्हणजे तसे, असा तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही. नाहीतर नवा घोटाळा होतो. आडनाव बघून ठरवायचं की यांना सांगायचं नसतं. आशियाई कुटुंबांत निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला असतील, तर आडनावावरून काय ओळखणार?

तिकडे तुमचं कुणी असेल तर एक कामाची गोष्ट लिहून ठेवा. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांना भाषेची मदत मोफत द्यावी लागते. मराठी दुभाषा मागता येतो, बहुतेकदा तो फोनवर मिळतो. मुलाने किंवा नातीने भाषांतर करत बसायचं नाही. नातवाच्या तोंडून "आजी, तू वाचणार नाहीस" हे वाक्य निघणं कुणालाच झेपणारं नाही.

आणि दुसरं, शेवटच्या वेळी काय हवं ते नर्सला आधी सांगून ठेवा. तोंडात गंगाजल, तुळशीपत्र. काहींच्यात माणसाला जमिनीवर घेतात. मुसलमान घरांत काबेच्या दिशेला तोंड. खोलीत दोनच माणसांना परवानगी असते आणि आपल्याकडे वीस जण दाराशी. ऐनवेळी हे सांगितलं तर नियमावर बोट ठेवलं जातं. आदल्या दिवशी सांगितलं तर तीच नर्स खाट खाली कशी घेता येईल, कोण कधी आत येईल हे बघून ठेवते.

आपल्या देशातलं चित्र हा स्वतंत्र भाग आहे, तो करणारच आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिवंतपणी उपचारांबद्दल इच्छापत्र करायचा हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्यातली दंडाधिकाऱ्याची किचकट अट काढून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते आणलं. पण कागद सोपा झाला म्हणून विचारणं सोपं झालं असं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

जाता जाता पुन्हा फ्लॉरेन्स वॉल्ड. त्या ९१ वर्षं जगल्या, २००८ मध्ये गेल्या. अमेरिकेत हॉस्पिस उभं करून त्या गप्प बसू शकल्या असत्या. पण म्हातारपणी त्या तुरुंगांत जाऊ लागल्या. लांब शिक्षा भोगणारे कैदी तिथेच म्हातारे होतात, तिथेच मरतात, आणि "घर असावं, घरात माणूस असावं" या अटीत ते कुठेच बसत नाहीत. मग उपाय निघाला तो असा की दुसऱ्या कैद्यांनाच शिकवायचं. पाणी पाजणं, कूस बदलणं, रात्री शेजारी बसून राहणं. स्वयंसेवक म्हणून. लुइझियाना राज्यातल्या अँगोला या मोठ्या तुरुंगात १९९० च्या दशकाच्या शेवटी अशी सेवा सुरू झाली, आणि कोठडीतला माणूस कोठडीतल्याच माणसाचा हात धरून बसू लागला.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरात आजी-आजोबांशी हे बोलणं कधी झालंय का, कसं झालं, कोण चिडलं, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नाव सांगायला हवंच असं नाही. पुढच्या भागात भेटू.